रूबी थांबली आहे

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई मला म्हणाल्या, "युसुफभाई, तुमच्या नोकरीबद्दल लिहा. पण बायोडेटा नको, गोष्टी लिहा." बायोडेटा लिहायचाच झाला तर तो एका ओळीत संपतो. रायगडच्या किनाऱ्यावरून जुबैलला आलो, एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात चिकटलो, आणि आता केस पांढरे करून स्वतःच्याच फायनल एक्झिटची, म्हणजे कायमचं घरी परतायच्या कागदाची, वाट बघतो आहे.

काम मात्र समजावून सांगायला हवं. आपल्याकडे माणसाला गावी जायचं असेल तर तो तिकीट काढतो आणि जातो. इथे कंपनी तुमची कफील, म्हणजे तुमची जबाबदारी घेणारी. तिने तुमच्या नावावर एक्झिट-रीएंट्री काढली, की तुम्ही देशाबाहेर जाऊन परत येऊ शकता. ती नसेल तर खिशात तिकीट असूनही विमानतळावरून माघारी. आमच्या कंपनीत हे कागद तयार करणारा कारकून मी. त्यामुळे हजारो माणसांची घरची ओढ माझ्या टेबलावरून जात असे. लग्नं, बाळंतपणं, मयती, सगळं आधी मला कळायचं. एका सुताराची आजी दर आंब्याच्या मोसमात वारायची आणि मी दर वर्षी तिला खिराज-ए-अकीदत, म्हणजे श्रद्धांजली, वाहून त्याला रजा मिळवून द्यायचो. एक वेल्डर तर विमानतळावरून परत आला होता, बायकोला न विचारता मोटारसायकल घेतली हे तिला कळलंय असा निरोप त्याला तिथेच मिळाला म्हणून.

पण ज्या माणसाबद्दल मला लिहायचंय तो निराळा होता. सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट.

आमच्या ऑफिसला दोन खिडक्या होत्या. सीनिअर स्टाफची खिडकी आतल्या हॉलमध्ये, तिथे एसी, सोफा, थर्मासमध्ये कॉफी. लेबरची खिडकी बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये, तिथे एक पंखा आणि लांब बाक. बसही वेगळ्या, मेसही वेगळी. कोणी कुठे उभं राहायचं हे कोणाला सांगावं लागत नसे. मिस्टर अर्ल आमचे वेल्डिंग इन्स्पेक्टर. कृष्णवर्णीय अमेरिकन, उंच, वय सत्तरीकडे झुकलेलं, डोक्यावर कायम टोपी. ग्रेडने चांगले वरचे. तरी काम असलं की ते बाहेरच्या शेडमध्ये, नेपाळी आणि बिहारी पोरांच्या मागे रांगेत उभे.

मी पहिल्यांदा घाईघाईने बाहेर गेलो. "सर, तुमची खिडकी आत आहे."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "लहानपणी मला मागच्या खिडकीला उभं करायचे. तेव्हा मला विचारलं नव्हतं. आता मी माझ्या मर्जीने उभा राहतो. इथे गप्पा चांगल्या असतात."

आमचे मॅनेजर नायर साहेब वैतागायचे. लेबरची माणसंही सुरुवातीला बिचकली, मग त्यांना सवय झाली. हा म्हातारा तऱ्हेवाईक आहे, एवढं बोलून आम्ही विषय सोडून दिला.

मग शटडाउन लागलं. शटडाउन म्हणजे चालू कारखाना दुरुस्तीसाठी बंद ठेवतात ते दिवस. त्या काळात रजा हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. अशात एका सकाळी मिस्टर अर्ल खिडकीशी आले आणि म्हणाले, "माझी बहीण वारली. रूबी. मला जायला हवं."

मी उठून त्यांचा हात हातात घेतला. जे बोलतात ते बोललो. अल्लाहची मर्जी, सबर करा. नायर साहेब स्वतः बाहेर आले, त्यांनीही दुःख व्यक्त केलं. अर्ज घेतला. आणि मग आम्ही दोघांनी तो अर्ज शटडाउन संपल्यावरच्या रजांमध्ये ठेवून दिला.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आमच्या ऑफिसात मी कोकणी मुसलमान, नायर साहेब मल्याळी हिंदू, हिशेबाला एक इजिप्शियन. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात दुसरा विचार आला नाही. माणूस सकाळी गेला तर दुपारपर्यंत माती. अम्मी गेली तेव्हा मी जुबैलमध्येच होतो. भावाचा फोन आला तोवर लोक कब्रस्तानातून घरी परतत होते. म्हणजे बहीण गेल्याची बातमी अमेरिकेतून इथवर आली, त्याअर्थी सगळं आटोपलं असणार. आता उरलं ते घरच्यांना भेटून रडणं, आणि ते दोन आठवड्यांनी केलं तरी चालतं. असा आमचा सरळ हिशेब.

मी 'प्रयत्न चालू आहे' म्हटलं होतं, त्यामुळे मिस्टर अर्लना वाटत होतं की आम्ही त्यांच्या कामाला लागलो आहोत. ड्युटी संपली की ते येऊन शेडमधल्या बाकावर बसायचे. आवाज नाही, तक्रार नाही. बुधवारी दुपारी मलाच राहवेना. मी बाहेर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"मिस्टर अर्ल, रोज कशाला त्रास घेता? शटडाउन संपलं की निवांत जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "युसुफ, ती थांबली आहे."

"कोण?"

"रूबी."

वाटलं, उन्हाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी हळूच म्हटलं, "पण रूबी तर वारल्या ना?"

"वारली. म्हणून तर थांबली आहे. आमच्यात शेवटचं माणूस पोचल्याशिवाय झाकण लावत नाहीत. शनिवारी चर्चमध्ये प्रार्थना आहे, मग दफन. भावंडांमधला मी एकटा उरलोय. सगळे माझ्यासाठी थांबलेत. तू मला सांगितलंस, प्रयत्न चालू आहे."

मी धावत आत गेलो आणि नायर साहेबांना सांगितलं. त्यांनी डोक्याला हात लावला. "अजून दफन नाही? एवढे दिवस?" त्यांनी रजांच्या ढिगातून अर्ज ओढून काढला, साइटवर फोन करून सुट्टी मंजूर करून घेतली आणि कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवर लाल अक्षरं आली. मिस्टर अर्लनी नवीन पासपोर्ट काढला होता, पण सरकारच्या नोंदीत अजून जुन्याचाच नंबर होता. तो बदलल्याशिवाय एक्झिट निघणार नव्हती.

नंबर बदलतो जवाजात, म्हणजे इथलं पासपोर्ट खातं. तिथे कंपनीतर्फे फक्त मंदूब, म्हणजे कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी, उभा राहू शकतो, आणि मंदूब सौदीच लागतो. आमचे मंदूब अबू फैसल. त्यांच्या मामांचं निधन झालं होतं म्हणून ते हफ्र अल बातिनला गेले होते. मी फोन लावला.

"युसुफ, मी अज़ामध्ये बसलोय," ते दबक्या आवाजात म्हणाले. अज़ा म्हणजे मयताच्या घरची बैठक. "रविवारी बघू. खलास." फोन बंद. पुन्हा लावला तर उचलेनात.

शुक्रवार-शनिवार सुट्टी. म्हणजे हातात फक्त गुरुवार, आणि जवाजात दुपारीच बंद होतं. जवाजातची कचेरी हफ्रलाही होती. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की पहाटे हफ्रला निघतोय. ती म्हणाली, "तुमी येडे झालाव काय? मयताच्या घरात जाऊन कागूद पुढं करनार?" पण डब्यात चपात्या आणि बांगड्याचं सुकं तिनेच भरून दिलं.

फजरची नमाज पढून मी मिस्टर अर्लना कॅम्पवरून उचललं. त्यांनी बॅग सोबत घेतली होती, काळा सूट हँगरवर तसाच मागे लटकवला. जुबैलहून हफ्रचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच उंटांसाठी कुंपण आणि ट्रकांची रांग. मी वेगाच्या काट्याकडे बघत होतो आणि कॅमेऱ्याच्या भीतीने पाय आवरत होतो. शेवटी मी विचारलं, "रूबी कशा होत्या?"

आणि मग ते बोलत राहिले.

"आमचं गाव रेल्वेच्या रुळांनी कापलेलं," ते म्हणाले. "अलीकडे गोरे, पलीकडे आम्ही. डांबरी रस्ता रुळांपर्यंत यायचा आणि तिथे संपायचा. लोकांना माझ्याकडून फक्त पाट्यांच्या गोष्टी हव्या असतात. कुठल्या नळावर काय लिहिलं होतं, कुठे आत जाता येत नव्हतं. ते सगळं होतं. पण युसुफ, मी पाटीखाली राहत नव्हतो. मी गल्लीत राहत होतो."

त्या गल्लीत त्यांची स्वतःची शाळा होती, चर्च होतं, न्हावी होता, एक डॉक्टर होता. दफनाची व्यवस्था बघणारा एक माणूस होता. गोऱ्यांच्या इस्पितळाची गाडी रूळ ओलांडत नसे, म्हणून आजारी माणसालाही तोच आपल्या लांब काळ्या गाडीत घालून न्यायचा. आई गोऱ्यांचे कपडे धुवायची. ती लवकर गेली, तेव्हा रूबी सतरा-अठराची होती. तिने लग्न पुढे ढकललं आणि धाकट्यांना वाढवलं. बुटांच्या दुकानात काळ्या मुलांना बूट पायात घालून बघू देत नसत. रूबी तपकिरी कागदावर भावंडांची पावलं ठेवून पेन्सिलीने कड काढायची आणि तो कागद घेऊन दुकानात जायची. "कड काढताना ती गुदगुल्या करायची. मग रेघ वाकडी यायची आणि वर्षभर बूट चावायचे," असं म्हणून ते हसले, आणि लगेच खिडकीकडे वळले.

रविवारी चर्चहून आल्यावर ओसरीवर सगळी गल्ली जमायची. कोणीही कोणाच्याही पोराला दामटायचं. अर्लने दगड मारून काच फोडली तर तो घरी पोचायच्या आधी रूबीच्या हातात छडी आलेली असायची. मी म्हटलं, "हा तर आमचाच मोहल्ला." ते म्हणाले, "मग तुला कळेल."

मला कळत होतं, पण काही वेगळंही आठवत होतं. आमच्या गावातही खाडीच्या पलीकडे एक वाडी होती, जिची विहीर वेगळी होती. तिथल्या ओसऱ्यांवर संध्याकाळी काय गप्पा चालायच्या, पोरांना कोण दामटायचं, हे मला आजही माहीत नाही. मी कधी पूल ओलांडून गेलोच नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, गाडी हाकत राहिलो.

"पण थांबायचं का?" मी विचारलं. "एवढे दिवस?"

"कारण आम्ही विखुरलेलो. गावात काम नाही म्हणून अर्धी गल्ली उत्तरेला गेली. कोणी शिकागोला, कोणी डेट्रॉइटला. गाडीभाडं जमवायला वेळ लागायचा, मालक सुट्टी देत नसे. मेल्यावर तरी सगळे एका खोलीत दिसावेत, म्हणून थांबायचं. आमचा मोठा भाऊ गेला तेव्हा मी सैन्यात होतो, परदेशात. पाद्री म्हणाला, आता पुरे. रूबी दारात उभी राहिली. म्हणाली, अर्ल आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." त्यांनी मागे लटकणाऱ्या सुटाकडे वळून पाहिलं. "आता दारात उभं राहायला रूबी नाही. म्हणून मला भीती वाटते."

मी डब्याचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी दोन घास खाल्ले. हफ्र अजून लांब होतं आणि सूर्य डोक्याकडे सरकत होता.

अबू फैसल यांच्या मामांच्या घराबाहेर मोठा तंबू होता. आत गालिचे, भिंतीला टेकून बसलेले पुरुष, मधोमध कॉफीची दल्ला, म्हणजे चोचीची किटली. मला पाहताच अबू फैसल यांचा चेहरा कठीण झाला. मी काही बोलणार तोच त्यांनी डोळ्यांनी बसायला सांगितलं. अज़ामध्ये आलेला माणूस आधी हात मिळवतो, बसतो, कॉफी घेतो. कामाचं बोलणं म्हणजे घरच्यांचा अपमान. हे मला ठाऊक होतं, म्हणूनच जीव टांगणीला लागला होता. तिथून जवाजात जवळच होतं, आणि ते कधीही बंद होणार होतं.

मिस्टर अर्लना अरबीचा एक शब्द येत नव्हता. पण त्यांनी टोपी काढली, प्रत्येकाचा हात हातात घेतला, मग गेलेल्या मामांच्या थोरल्या भावाशेजारी जाऊन बसले. पांढरी दाढी, डोळ्यांवर पडदा आलेला तो म्हातारा. अर्लनी त्याचा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मयताच्या घरी कसं बसायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. कॉफी आली, खजूर आले, परत कॉफी आली. माझ्या पाठीवरून घाम वाहत होता. मी घड्याळाकडे बघितलं की अबू फैसल माझ्याकडे रोखून बघायचे.

थोड्या वेळाने म्हाताऱ्यानेच मला विचारलं, "हा तुझा साहेब?"

"नाही, चाचा. याच्याही घरी मयत झालीय. याची बहीण गेली."

"अल्लाह तिच्यावर रहम करो. दफन कधी झालं?"

मी म्हटलं, "झालं नाही अजून."

आजूबाजूचे कप हवेतच थांबले. "कधी गेली ती?"

"गेल्या आठवड्यात. त्यांच्यात शेवटचा भाऊ पोचल्याशिवाय माती देत नाहीत. शेवटचा भाऊ हाच. पण याचा कागद अडलाय."

"कोणी अडवलाय?"

मी फक्त अबू फैसल यांच्याकडे बघितलं. त्याहून जास्त बोलायची माझी हिंमत नव्हती.

म्हाताऱ्याने अर्लचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने काठी उचलून जमिनीवर आपटली. "एक बाई जमिनीच्या वर पडून आहे, तिचा भाऊ इथे माझी कॉफी पितोय, आणि तू मांडी घालून बसलायस? माझा भाऊ तर मातीत पोचला. त्याला तुझी काय गरज? ऊठ!"

अबू फैसल ताडकन उठले. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण कान धरलेल्या पोरासारखा चेहरा. "यल्ला, युसुफ," एवढंच म्हणाले आणि चपला शोधू लागले.

मी म्हाताऱ्याला समजावू पाहत होतो की ते लोक आदरानेच थांबतात, हेळसांड करत नाहीत. त्याने ऐकून घेतलं नाही. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. मेलेल्याला लवकर माती द्यावी, या एका समजुतीपायी आम्ही अर्लना बाकावर बसवून ठेवलं होतं, आणि त्याच समजुतीने आता अबू फैसलना तंबूतून उठवलं होतं.

जवाजातच्या दारात शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. अबू फैसलनी त्याला काय सांगितलं देव जाणे, पण आम्ही आत गेलो. काउंटरवरच्या पोराने नवा पासपोर्ट घेतला, नंबर टाकला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं. मग बंद पडलं. पोरगा म्हणाला, "सिस्टम." या देशात काय किंवा आपल्या देशात काय, या शब्दापुढे कोणाचं चालत नाही. अबू फैसल काउंटरवर कोपर टेकवून उभे, मी कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटतोय, आणि अर्ल टोपी दोन्ही हातांत धरून स्क्रीनकडे बघतायत. पोराने पुन्हा टाकला. पुन्हा चक्र. आणि मग हिरवी ओळ आली.

मी नायर साहेबांना फोन लावला. "साहेब, दाबा!"

"दाबतोय!" ते पलीकडून ओरडले. सकाळपासून ते खुर्चीवरून हलले नव्हते, हे मला नंतर कळलं.

अर्ल यांच्या फोनवर मेसेज वाजला. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईना, आणि चष्मा सापडेना. मी वाचून दाखवलं. एक्झिट-रीएंट्री मंजूर. ते तिथेच पायरीवर बसले आणि तोंड टोपीत खुपसून रडले. अबू फैसल शेजारी उभे राहिले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून.

तिथून दमामचा विमानतळ. त्यांना आत सोडून घरी आलो तरी जिवाला चैन नव्हतं. पुढे दोन विमानं बदलायची होती. शुक्रवार गेला. शनिवारी संध्याकाळी जेवायला बसलो तरी फोन ताटाशेजारी. बायको म्हणाली, "सख्ख्या भैनीची पन तुमी येवडी काळजी केली नसती."

मग एक आवाजी मेसेज आला. आधी नुसतं गाणं, शेकडो माणसांचं. मग अर्ल यांचा घोगरा आवाज. "पोचलो, युसुफ. मधलं विमान चुकलं होतं. लोक सकाळपासून बाकांवर बसून होते. पाद्रीने दोनदा विचारलं, सुरू करू का. एकही माणूस हलला नाही. मी आत गेलो, तिचा चेहरा पाहिला, मग त्यांनी झाकण लावलं."

मी तो मेसेज बायकोला ऐकवला, नायर साहेबांना पाठवला, अबू फैसलना पाठवला. अबू फैसलनी विचारलं, "दफन झालं ना?" मी लिहिलं, झालं. त्यांनी लिहिलं, "अल्हम्दुलिल्लाह. मामांच्या घरी सांगतो. रोज विचारतायत."

अर्ल यांच्या रीएंट्रीची मुदत संपत आली, तरी ते परतेनात. नायर साहेबांनी मला फोन करायला लावला. अर्ल म्हणाले की रूबीचं घर रिकामं ठेवता येत नाही. गल्लीत आता म्हातारीच माणसं उरली आहेत, त्यांना इस्पितळात नेणारं, किराणा आणून देणारं कोणीतरी हवं. ते येणार नव्हते.

मुदत संपली, तेव्हा नियमाप्रमाणे मला त्यांच्या नावावर शेरा चढवावा लागला. हा आमच्या धंद्यातला सर्वांत वाईट शेरा. ज्याच्या नावावर तो बसतो त्याला पुन्हा इथे काम मिळणं मुश्कील, आणि कंपनीत बोलणी खायची ती मी. आजवर मी तो कित्येकांच्या नावापुढे चडफडत लावला आहे. या वेळी मी आधी फोन केला. म्हटलं, सांगितल्याशिवाय लावायचा नाही.

"मिस्टर अर्ल, आमच्या खात्यात आता तुम्ही पळालेले. तुमच्या नावापुढे लिहावं लागतंय."

"काय लिहितोस?"

"खरज व लम यऊद. गेला आणि परत आला नाही."

ते मोठ्याने हसले. मला पुन्हा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं, चुकले, पुन्हा म्हणाले. त्यांच्या मागे ओसरीवर बरीच माणसं असावीत, खुर्च्यांचे आवाज येत होते, भांडी वाजत होती. कोणीतरी बाईने विचारलं, "अर्ल, तो माणूस काय म्हणतोय?"

अर्ल तिला म्हणाले, "म्हणतोय, मी घरी आहे."